येथे गॅस भरून मिळेल

आमच्या घरात तीन पिढ्या गॅसविरुद्ध लढा चालू आहे. आजोबा जेवण झालं की ओवा चावत शतपावली घालायचे. वडील कोमट पाण्यात हिंग घेत आणि घेतल्याचं सगळ्या चाळीला ढेकरेवाटे कळवत. आई तर वालाची उसळ, छोले आणि फ्लॉवर यांना बदनाम नातेवाइकांसारखं वागवते. बोलावते, पण बरोबर आलं, हिंग, ओवा असा बंदोबस्त ठेवूनच. अशा घराण्यातल्या मुलाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पदरचे पैसे खर्चून, दोन किलो कार्बन डायऑक्साइडची टाकी आणून स्वयंपाकघरात उभी करावी, हे तिला अजून पचलेलं नाही.

"लोक गॅस बाहेर काढायला औषध घेतात," ती म्हणाली, "आणि तू आत घालायला पैसे मोजतोयस."

यावर उत्तर असं नव्हतंच. एवढंच म्हणालो, की पोटात गॅस झाला की तूच मला कोपऱ्यावरून सोडा आणायला पाठवायचीस, आणि सोड्यात गॅसच असतो. त्यावर ती म्हणाली, तो वेगळा. तो औषधी.

सगळं सुरू झालं आगळापायी. दर मे महिन्यात मालवणहून मावशी कोकमाचं आगळ पाठवते. त्याचा कोकम सोडा करायचा तर ग्लासात आगळ, साखर, मीठ, जिरेपूड, थोडं पाणी आणि वरून विकतचा सोडा. आता सोडा ओतताना जो फसफसाट होतो तो दिसायला छान, पण तो म्हणजे डोळ्यांदेखत पळून जाणारा गॅस. उरतो तो खालच्या पाण्यात पांगतो. ग्लास तोंडाशी येईपर्यंत हातात असतं ते सरबत, ज्याच्या पूर्वजांपैकी कुणीतरी सोडा होता. शिवाय बाटलीत राहिलेला सोडा दुसऱ्या दिवशी सकाळी अगदीच फुसका. बूच कितीही करकचून लावा.

माझा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "मामा, सरबतात सोडा कशाला ओततोस? सरबतातच गॅस भर ना. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्यायची, तिला व्हॉल्व्हवालं बूच लावायचं, टाकीची नळी जोडायची, गॅस सोडायचा. घरच्या घरी." 'घरच्या घरी' हे दोन शब्द ऐकले की मराठी माणसाचा विवेक सुटतो. घरच्या घरी आइस्क्रीम, घरच्या घरी साबण, घरच्या घरी आकाशकंदील. आमच्या माळ्यावर या शब्दांची बरीच हत्यारं धूळ खात पडली आहेत.

एमआयडीसीतल्या गॅसवाल्याकडे गेलो. त्याने मान वर न करता विचारलं, "वेल्डिंगला?"

"नाही."

"मासे पाळलेत? टँकमधल्या वनस्पतींना?"

"नाही."

"मग आग विझवायला?"

"नाही हो. सरबताला."

तेव्हा त्याने मान वर केली. मला नीट पाहून घेतलं आणि नरमाईने म्हणाला, "मग फूड ग्रेडचा घ्या." वर दोन सूचना दिल्या. टाकी आडवी करून वापरायची नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. "आणि काचेच्या बाटलीत चुकूनही भरू नका," तो मागून ओरडला. "प्लॅस्टिक फाटतं. काच उडते."

टाकी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि काही न बोलता गाडी हळू केली. प्रत्येक गतिरोधकावरून ती अशी उतरवली, जणू मागे लग्नातली कळशी ठेवली आहे. सिग्नलला वळून म्हणाला, "साहेब, घरात कोण आहे?" मी म्हणालो, "आई." तो म्हणाला, "देवावर भरवसा ठेवा." खरं सांगायची हिंमत झाली नाही. उतरताना त्याने मीटरपेक्षा पाच रुपये कमी घेतले. ते पाच रुपये मला अजून बोचतात. वॉचमनने धावत येऊन लिफ्ट धरली. संध्याकाळी शेजारचे नाना मोसंबी घेऊन आले. आई दारात आली तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला, जणू तिने बरं असून त्यांची फसवणूक केली. मोसंबी ठेवून गेले, ती तिने खाल्ली.

आता बाटली. इथे कुणाचीही फसगत होईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाण्याची बाटली चालत नाही. ती हातात घेतली की करकर वाजते, आत दाब आला की तिचं बूड फुगतं, आणि पुढचं सांगायला ती राहत नाही. कोल्ड्रिंकचीच पाहिजे. उलटी करून बघा, तिला खाली पाच पाय असतात. ते शोभेचे नाहीत. सपाट बूड दाबाने बाहेर येतं, पाच पाकळ्यांचं बूड तो दाब वाटून घेतं. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली ज्याने केली तो नॅथॅनिअल वाएथ, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीतला इंजिनिअर. प्रसिद्ध चित्रकार अँड्र्यू वाएथचा थोरला भाऊ. १९६७ साली तो म्हणे कामावर विचारत होता, की सोड्याला प्लॅस्टिकची बाटली का नको? सगळे म्हणाले, फुटेल. तो घरी गेला, डिटर्जंटची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, तिच्यात जिंजर एल भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बाटली एवढी फुगली होती की फ्रीजच्या दोन फळ्यांमध्ये गच्च अडकून बसली. पुढे पॉलिएस्टर ताणून घट्ट करायची युक्ती सापडली आणि १९७३ साली पेटंट मिळालं. मला त्या माणसाविषयी आदर वाटतो तो पेटंटमुळे नाही. घरच्या फ्रीजमध्ये प्रयोग करून नंतर बायकोला उत्तर देणाऱ्याविषयीचा तो आदर आहे.

बाटल्या जमवणं हा उद्योग मात्र मानाचा नाही. सोसायटीच्या कार्यक्रमानंतर मी गच्चीवर थांबून रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होतो. एक-एक उलटी करून पाय मोजत होतो. सेक्रेटरींच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, भंगारवाला किलोला फार काही देत नाही हो."

पहिला प्रयोग रविवारी दुपारी केला. गाळलेलं कोकम सरबत बाटलीत पाऊणपर्यंत ओतलं. मग बाटली पिळायची, म्हणजे सरबत तोंडापर्यंत चढतं आणि वरची हवा निघून जाते. तशीच पिळलेली धरून बूच लावायचं. चेपून बसलेली ती बाटली एकादशीचा दुसरा दिवस असल्यासारखी दिसते. मग नळी लावली, रेग्युलेटर फिरवला. फट्ट! एका क्षणात पोट बाहेर, खांदे वर, बाटली ताठ उभी. नंतर गॅस चालू ठेवूनच ती खळखळ हलवायची. हलवली की आत सूं सूं आवाज येतो, म्हणजे सरबत गॅस पीत असतं. अर्ध्या मिनिटाने आवाज मंदावतो. दाब किती? तीस-चाळीस पौंड, म्हणजे साधारण गाडीच्या टायरमध्ये भरतो तेवढा. बरोबर झालं की बाटली अंगठ्याने दाबली तरी दबत नाही. आई ती नारळासारखी कानाजवळ वाजवून बघते.

उघडली, ओतली, प्यायलो. कोकम सरबत. नुसतं. वर चार बुडबुडे, तेही दुसऱ्या कुणाच्या घरून आल्यासारखे.

बायको म्हणाली, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." मी म्हणालो, "कोंबडी तरी कुठाय?"

चूक माझीच होती. मे महिना, डोंबिवली, माठातलंही नाही तर पिंपातलं पाणी. विल्यम हेन्री नावाच्या मँचेस्टरच्या माणसाने १८०३ सालीच सांगून ठेवलं होतं, की दाब वाढवला की पाणी त्या प्रमाणात जास्त गॅस घेतं. आणि थंड पाणी गरम पाण्यापेक्षा कितीतरी जास्त घेतं. वीस अंशांच्या पाण्यात जेवढा मावतो त्याच्या जवळजवळ दुप्पट शून्य अंशांच्या पाण्यात. उन्हातून आलेल्या माणसाला काही सांगून उपयोग नसतो, ते डोक्यात शिरत नाही, पाण्याचंही तसंच. आधी फ्रीजमध्ये गार पडू द्यावं, मग सांगावं. दुसऱ्या रविवारी सरबत रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, भरल्यावर पुन्हा दोन तास फ्रीजमध्ये. बूच हळूच सैल केलं, फिस्स झालं, ग्लासात ओतलं, आणि पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या आल्या. डोळ्यांत पाणी. कोकमाचं आंबटपण जणू दोन्ही हात वर करून धावत आलं. बायकोने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कोंबडीचा विषय पुन्हा काढला नाही.

यश आलं की माणूस चेकाळतो. मी पन्हं भरलं.

पन्ह्यात कैरीचा गर असतो. मला एवढंच ठाऊक होतं, की गर चवीला चांगला. गॅसच्या दृष्टीने मात्र गराचा एकेक कण म्हणजे बाहेर पडायचा जिना असतो. विरघळलेला गॅस सुटायला कुठलातरी खडबडीत कोपरा शोधत असतो, आणि पन्ह्याच्या बाटलीत असे लाखभर कोपरे तरंगत असतात. बूच अर्धा आटा फिरवलं असेल. पुढचं मी पाहिलेलं नाही, डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बाटलीत दोन बोटं पन्हं होतं. बाकीचं छतावर, पंख्यावर, मिक्सरवर आणि भिंतीवरच्या देवांच्या कॅलेंडरवर, वैशाख शुद्ध पक्षात. पंखा चालू होता. त्यामुळे हॉलचाही काही भाग कव्हर झाला. आई आतून आली, बोटाने भिंतीवरचं थोडं चाटून बघितलं आणि म्हणाली, "वेलची कमी आहे."

त्यानंतर मी सगळं फडक्यातून गाळतो, दोनदा. लिंबूसुद्धा.

पन्ह्याचा स्फोट ऐकून नाना आले. त्यांना टाकीपेक्षा बुचात रस होता. "एवढ्याला बूच कशाला आणलंस? साध्या बुचाला भोक पाड, ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव." खोटं नाही, जगभर बरेच लोक तसं करतात. पंक्चरवाल्याने भोक पाडून व्हॉल्व्ह बसवून दिला. मग नाना म्हणाले, टाकीही कशाला, माझ्याकडे सायकलचा पंप आहे. जिन्यात बसून त्यांनी चाळीस पौंड हवा भरली, घाम निथळेपर्यंत. बाटली दगडासारखी टणक झाली. उघडली तर ठो आवाज आला आणि बाहेर आलं साधं लिंबू सरबत, पूर्णपणे शांत. कारण हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. उरलेली बहुतेक नायट्रोजन आणि ऑक्सिजन, आणि ते दोघे पाण्यात फारसे विरघळत नाहीत. नाना म्हणाले, "पण आवाज तर झाला!" ते बरीच वर्षं राजकारणात होते.

आमच्या लहानपणी यातलं काहीच कळावं लागत नसे. कोपऱ्यावर गोटी सोडा मिळायचा. दुकानदार अंगठ्याच्या टोपणाने गोटी खाली ढकलायचा, ट्यँव असा आवाज व्हायचा आणि बाटलीच्या गळ्यातल्या खोबणीत गोटी खुळखुळायची. त्या बाटलीचं पेटंट लंडनच्या हायरम कॉडने १८७२ साली घेतलं. गंमत ही, की तिला बूच नाहीच; आतला गॅसच गोटीला रबराच्या कडीवर दाबून धरतो. म्हणजे ज्याला कोंडायचं त्यालाच दार लावायला सांगायचं. मुंबईत त्याच्याही आधीपासून, १८६५ पासून, पालनजी सोडा विकतायत, आणि त्यांच्या रास्पबेरी सोड्याशिवाय पारशी जेवण होत नाही. त्या जाड काचेच्या बाटल्यांचा दुसरा उपयोग दंगलीत होई, 'सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या' हे पेपरातलं ठरलेलं वाक्य होतं. प्लॅस्टिकच्या बाटलीने ती सोय गेली. ही फेकली तर समोरचा उचलून पाय मोजेल.

टाकीवर रेग्युलेटर असतो, त्याला दोन घड्याळं. एक बाटलीत जाणारा दाब दाखवतं, दुसरं टाकीतला. हे दुसरं पाहून मला वाटायचं, गॅस संपतच नाही. तीस बाटल्या भरल्या तरी काटा हलेना. मग एके दिवशी पावसाने हवा गार झाली आणि काटा धाडकन खाली. मी हळहळलो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, काटा पुन्हा वर! टाकीत गॅस द्रवरूपात असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत वरचा दाब फक्त गरमीवर ठरतो; वीस अंशांना साधारण ५७ बार, तीस अंशांना ७२. म्हणजे त्या घड्याळात गॅस किती उरलाय ते कळत नाही. आज ऊन किती आहे ते कळतं. हे मला वाचून समजायला आठवडा लागला.

"त्यात काय," आई म्हणाली, "स्वयंपाकाच्या सिलिंडरचं तेच. हलवून बघायचं असतं." तिने टाकी दोन्ही हातांनी उचलली, जरा झुलवली. "पाऊण आहे." वजनकाट्यावर ठेवली. पाऊण होती. आठ ग्रॅम गॅस एका लिटरला, म्हणजे दोन किलोत अडीचशे लिटर, असा माझा वहीतला हिशेब होता. तिने वही न बघता सांगितलं, गणपतीपर्यंत पुरेल.

या सगळ्यात मला धीर दिला तो जोसेफ प्रीस्टलेने. १७६७ साली तो लीड्समध्ये एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या गॅसमध्ये त्याने पाण्याची भांडी धरली, आणि घरगुती सोडा तयार झाला. १७७२ साली त्याने कृतीचं पुस्तकच काढलं: खडूवर गंधकाचं आम्ल टाकायचं, निघालेला गॅस डुकराच्या मूत्राशयात धरायचा आणि दाबून पाण्यात सोडायचा. त्या सोड्याला मूत्राची चव येते, अशी तक्रार नूथ नावाच्या डॉक्टरने केली. प्रीस्टलेने नोकरावर संशय घेतला. इतकं वाचल्यावर मला छतावरचं पन्हं अगदीच किरकोळ वाटलं. प्रीस्टलेला वाटत होतं, की सोड्याने दर्यावर्दींचा स्कर्व्ही बरा होईल, म्हणून कॅप्टन कुकच्या जहाजावरही ही कृती गेली. सोड्याने काही झालं नाही. त्यात लिंबू पिळलं असतं तर झालं असतं. आई म्हणते तो औषधी सोडा बहुधा तेव्हापासूनचा.

गेल्या महिन्यात भाचा आला, दुसऱ्या दिवशी लेहला निघायचा होता. मी मोठ्या प्रेमाने कोकम सोडा पुढे केला. भरलेला असा की ओतताना फेस काठावर आला, ग्लासाजवळ कान नेला तर चुरचुर ऐकू येत होती. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"मामा, गॅस नाही रे यात. फुसका आहे."

ज्याच्या सांगण्यावरून मी टाकी आणली त्यानेच हे म्हणावं? दुसरी बाटली उघडली. बायकोच्या नाकात गॅस गेला, मला ठसका लागला, नानांनी ढेकर दिली तर जिन्यातलं कुत्रं भुंकलं. भाचा म्हणे, फुसकाच. चव जरा विचित्रच. मी बुचाचा रबर तपासला, नळी तपासली, बाटली अंगठ्याने दाबून त्याच्या हातात दिली. "टणक आहे रे," तो म्हणाला, "पण लागत नाही."

रात्री तो बॅग भरत होता तेव्हा कळलं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली अॅसिटाझोलामाइडची गोळी त्याने त्या दिवसापासून सुरू केली होती. आपण समजतो, जिभेला बुडबुडे टोचतात. तसं नाही. जिभेवरचं एक एन्झाइम गॅस आणि पाण्यापासून आम्ल करतं, ती झोंब त्या आम्लाची. २००९ साली ते एन्झाइम नेमकं जिभेच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर सापडलं. ही गोळी त्या एन्झाइमलाच झोपवते. गिर्यारोहक शिखर सर करून शॅम्पेन उघडतात आणि ती बेचव लागते, त्याचं कारण हेच. गॅस बाटलीत होता, ग्लासात होता, फक्त भाच्याच्या जिभेला दिसत नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला तीन बाटल्या बांधून देऊ लागलो. विमानात चालत नाहीत म्हणाला.

आई बाजूला बसून आपला कोकम सोडा चमच्याने ढवळत होती. ती रोज असं करते. ग्लास घेते, वीस मिनिटं ठेवते, मग चमचा फिरवून उरलासुरला गॅस काढून टाकते आणि मग म्हणते, आता छान लागतंय. हे मी पंधरा बाटल्यांपासून बघतोय, बोलत काही नाही.

चमचा थांबला.

"म्हणजे ती गोळी घेतली की गॅस लागतच नाही?"

"नाही लागत."

"ढवळायलाही लागत नाही?"

"नाही."

तिने भाच्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी घेतली, चष्मा नाकावर ढकलला आणि मागची किंमत वाचायला लागली.